गुण्यात नसलेली खोली

इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या जुन्या घरात जावं आणि चुलीपुढं बसलेल्या आजींना विचारावं, "आजी, या घरात झोपायची खोली कोणती?" आजी आपल्या तोंडाकडे पाहत राहतील आणि म्हणतील, "झोपायला रं खोली कशाला लागती? पाठ टेकंल तितं झोपायचं." उत्तर थट्टेचं वाटतं, पण इतिहासाच्या दृष्टीनं ते अगदी बरोबर आहे. आपल्या भागातल्या शेतकऱ्याच्या घराला सोपा होता, माजघर होतं, पडवी होती, गोठा होता. निव्वळ निजण्यासाठी राखून ठेवलेली खोली मात्र नव्हती. शेजघर हा शब्द वाड्यातला, नाहीतर देवळातला. गावातल्या साध्या घरात 'निजायची जागा' असे आणि ती ऋतूबरोबर फिरे. उन्हाळ्यात माळवदावर, पावसाळ्यात सोप्यात, थंडीत माजघरात चुलीच्या उबेला. गडीमाणसं ओसरीवर, बायका आणि पोरं आत, म्हातारा गोठ्याच्या अंगाला, कारण रात्री बैल सुटला तर पहिल्यांदा त्याला कळायचं. उजाडलं की वाकळा आणि घोंगड्या वळणीवर पडत, बाज भिंतीला उभी राही, आणि रात्रीची निजायची जागा दिवसा दळण-कांडणाची होई.

आज त्याच घरात लाकडी पलंग आला आहे, पोलादी कपाट आलं आहे, मुलांच्या अभ्यासाचं टेबल आलं आहे. आणि मग कुरकुर सुरू होते. खोली बोळासारखी आहे, मध्येच खांब येतो, एक भिंत तिरकी गेली आहे, पलंग लावावा तर दार उघडत नाही. "जुन्या लोकांना घर बांधायची अक्कलच नव्हती," असं तरुण मंडळी बोलून मोकळी होतात. मी इतिहास शिकवणारा माणूस. गवंडीकाम माझा प्रांत नव्हे. परंतु या अडनिड खोल्या मी बारामतीकडे आणि इंदापूरकडे बऱ्याच पाहिल्या, काही दोरी लावून मोजल्या. त्यांवरून माझं असं मत झालं आहे की खोली अशी का झाली हे समजलं, तर पलंग कुठं लावायचा हे कोडं निम्मं सुटतं.

प्रथम खांबाचं पाहू. आपल्याकडे घर फुटात मोजत नसत, खणात मोजत. "पाच खणाचं घर आहे त्याचं," असं आजही कानावर येतं. दोन खांबांमधलं, म्हणजे दोन तुळयांमधलं अंतर तो खण. साधारण पाच फुटांचा, कुठं थोडा कमी, कुठं थोडा जास्त. हा आकडा शास्त्रात पाहून ठरलेला नाही, तो लाकडानं ठरवला. बारामती-इंदापूरचा मुलूख अवर्षणाचा. इथं माणसाच्या हाताशी लाकूड होतं ते बाभळीचं आणि लिंबाचं. बाभूळ चिवट खरी, पण सरळ लांब सोट तिच्यातून क्वचितच निघतो. लांब सागवान घाटमाथ्याकडून आणावं लागे, आणि ते पैसेवाल्यांना परवडे. बारामतीत कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. त्या सावकारी घराण्याच्या आश्रयानं कविवर्य मोरोपंत पराडकर बारामतीला आले आणि १७९४ मध्ये मृत्यू येईपर्यंत इथंच राहिले. तसल्या वाड्याची गोष्ट निराळी. त्याला चौक असतो, चौकातून चारी अंगांना उजेड मिळतो. कुणब्याच्या घराला तो थाट कुठला? त्याच्या वाट्याला आखूड लाकूड, म्हणून अरुंद खण, आणि छतावर ओझं जबरदस्त. तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचण, त्यावर पाला आणि वर पांढरी माती. आणि दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला आणखी चार पाट्या माती. एवढा भार पेलायचा म्हणजे जवळजवळ खांब हवेतच. म्हणून खोली दोन खण रुंद, फार तर तीन, आणि लांबी हवी तेवढी. आपल्या खोलीत अडचण करणारा तो खांब म्हणजे दुष्काळी मुलखाच्या लाकडाचा हिशेब आहे.

त्या काळच्या माणसाला खांब अडचण वाटत नव्हता, हेही ध्यानात घ्या. खांबाला खुंटी, खुंटीला कंदील. दोन खांबांना दोरी बांधली की वळण झाली. तुळईला पाळणा टांगला की खाली जागा अडत नाही. सगळं टांगायचं, भिंतीत बसवायचं किंवा गुंडाळून ठेवायचं. जमिनीवर कायम ठाण मांडून बसलेलं असं फारच थोडं.

आता तिरक्या भिंतीकडे वळू. गवंडी काटकोन तपासायला जे साधन वापरतो त्याला गुण्या म्हणतात, हे शेतकरी मंडळींना सांगायला नको. भिंत काटकोनात असली की गवंडी म्हणतो, "गुण्यात आहे." जुन्या गावठाणातली निम्मी घरं गुण्यात नाहीत. कारण उघड आहे. वस्तीची जमीन ती पांढरी, पिकाची जमीन ती काळी. काळी मोडून घर बांधणं हा गुन्हाच मानला जाई. पांढरीभोवती गावकूस, बाहेर चोराचिलटांची आणि पेंढाऱ्यांची भीती. लोकवस्ती वाढली तरी गावकूस तेवढंच. मग जो तुकडा मिळेल त्यावर घर, तिकोनी म्हणा, चिंचोळा म्हणा. समोर अरुंद आणि मागं रुंद ती गोमुखी जागा शुभ, उलट असेल तर व्याघ्रमुखी आणि अशुभ, असे समज पुढं लोकांनी जोडले. त्यांत मी पडत नाही. मला त्या गवंड्याची करामत अधिक मोलाची वाटते.

आमच्या गावच्या घरात मी एकदा माजघराला दोरी लावली. आतल्या बाजूनं माजघर बरोबर गुण्यात निघालं. बाहेरून पाहावं तर गल्लीकडची भिंत चांगली तिरपी गेलेली! मग भिंतीची जाडी मोजली. एका टोकाला दोन फूट आणि दुसऱ्या टोकाला सव्वातीन फूट. म्हणजे गल्लीचा सगळा वाकडेपणा त्या गवंड्यानं भिंतीच्या पोटात जिरवला होता. आणि जाड टोकाला ती जागा वाया जाऊ दिली नव्हती. तिथं फडताळ, त्याच्या खाली कोनाडा, आणि तळाशी धान्याचं बळद. माणसांना वावरायला चौकोन दिला आणि वाकडी पाचर सामानाला दिली. नाव-गाव माहीत नसलेला तो कारागीर, पण त्याचा हिशेब पाहून मी त्याला मनातल्या मनात रामराम केला.

आपल्या तिरक्या खोलीत आपण नेमकं उलट करतो. पलंग तिरक्या भिंतीला चिकटवतो, आणि समोरच्या सरळ भिंतीला कपाट लावतो. मग पलंग आणि कपाट एकमेकांकडे वाकड्या मानेनं पाहत बसतात आणि मधली वाट एका टोकाला इतकी अरुंद होते की माणसाला आडवं होऊन जावं लागतं. कपाट, पेट्या, धान्याचे डबे, अंथरुणांचा ढीग ही सगळी भरताड तिरक्या भिंतीला द्यावी, तिच्या पुढच्या कडा एका रेषेत आणाव्या, वर एक पडदा सोडावा. पुढं उरते ती खोली गुण्यात येते. पलंग सरळ भिंतीला.

हे झालं मुळातल्या घराचं. पण अडनिड खोल्यांचं मोठं कारण निराळंच आहे. ते म्हणजे वाटणी.

माझ्या आजोबांचं घर सहा खण लांब आणि सहा खण रुंद. मी लहान असताना माझे दोघे चुलते आणि वडील वेगळे निघाले. पंच बसले. वाटणी करायची कशी? घर खणात मोजलेलं, म्हणून वाटणीही खणात. दोन-दोन खण प्रत्येकाला. खांबांच्या ओळीवर भेंड्यांच्या दोन भिंती उभ्या राहिल्या, आणि तिघांना तीन बोळ मिळाले, दहा फूट रुंद आणि तीस फूट लांब. न्याय काटेकोर झाला. कुणाला वीतभर कमी नाही, कुणाला जास्त नाही. फक्त उजेडाची वाटणी करायची राहून गेली. आमचा वाटा मधला. दोन्ही बाजूंना भाऊबंदांच्या भिंती, समोर दार, मागं परसदार. मध्ये वीस फूट अंधार, आणि त्या अंधारात छताला एक साणं, म्हणजे उजेडासाठी आणि धुरासाठी ठेवलेलं भोक. काही जण त्याला सवणं म्हणतात.

त्याच वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचा जन्म झाला. रिवाजाप्रमाणे बाळंतिणीची बाज सगळ्यांत आतल्या कोपऱ्यात, अंधारात, चहूबाजूंनी लुगडी बांधून. बाजेखाली शेगडी. ओव्याची नि बाळंतशोपाची धुरी. पूर्वी घर एक होतं तेव्हा हा धूर सहा खणांत पसरायचा. आता तो दोन खणांत कोंडू लागला. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पोर खोकू लागली. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई आल्या, त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि आजीला म्हणाल्या, "आजी, बाज त्या साण्याखाली घ्या, शेगडी बाहेर काढा."

आजीनं साफ नकार दिला. "बाई, तुमी शिकल्याल्या हाईसा. पर वारं लागंल बाळंतिणीला. माजी सात बाळंतपणं ह्याच कोपऱ्यात झाली."

नर्सबाई शहाण्या. त्यांनी वाद घातला नाही. हलक्या आवाजात एवढंच विचारलं, "सातांतली किती राहिली, आजी?"

आजी बराच वेळ काही बोलली नाही. सातांतली तीन राहिली होती. संध्याकाळी तिनं स्वतः वडिलांना हाक मारली, बाज उचलायला लावली, आणि साण्याखाली पण वारं सरळ अंगावर येणार नाही अशा बेतानं लुगड्याचा आडोसा केला. शेगडी परसात गेली. बहीण बरी झाली; आज तिला दोन मुलं आहेत. आजीची चार मुलं नेमकी कशानं गेली, हे आता सांगता येणार नाही आणि त्याचा सगळा दोष कोपऱ्याला देणं इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणार नाही. परंतु कोंडलेला धूर तान्ह्या मुलाच्या छातीला घातक असतो, याविषयी आज वैद्यकात दुमत नाही.

या अंधाराशी आपली झुंज जुनी आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढल्या वर्षी पुण्यात त्यानं थैमान घातलं. मुंबईत तेव्हा सरकारी माणसांनी अंधाऱ्या खोल्यांवरची कौलं उतरवून ऊन आत सोडलं होतं. प्लेग उंदरांच्या पिसवांतून पसरतो हे पुढं नीट कळलं, तेव्हा तो उपाय अपुराच होता. पण क्षयासारख्या रोगाला खेळती हवा आणि उजेड यांचा अडसर होतो, हे खरं ठरलं. खेड्यांतली माणसं प्लेगच्या काळात गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिली. साथ ओसरली की परत त्याच बिनखिडकीच्या भिंतींत येऊन निजली.

मग कालवा आला. १८७६-७७ च्या दुष्काळानं होरपळलेल्या या मुलखात १८८५ च्या सुमारास निरा डाव्या कालव्याचं पाणी खेळू लागलं. ऊस आला, गूळ आला, आणि हळूहळू लोक गावठाण सोडून रानातल्या वस्तीवर राहू लागले. १९३० नंतर कळंबजवळ वालचंदनगर उभं राहिलं, पुढं सहकारी साखर कारखाने झाले, त्यांच्या वसाहती झाल्या. सरळ रेषेत आखलेल्या, गुण्यातल्या खोल्या आपल्याकडच्या पुष्कळांनी पहिल्यांदा पाहिल्या त्या तिथं. आणि याच सुमारास घरात लोखंडी खाट शिरली. ही घटना बारीक वाटते, पण माझ्या मते इथंच घराचं वळण बदललं. बाज हलकी, सकाळी उभी केली की खोली मोकळी. लोखंडी खाट जिथं ठेवली तिथं राहिली. निजायची जागा फिरायची थांबली आणि 'झोपायची खोली' जन्माला आली, त्याच जुन्या दोन खणांत. पुढं लग्नात आंदण म्हणून पलंग, कपाट, आरशाचं टेबल येऊ लागलं. व्याही हौसेनं सहा फूट बाय सहा फुटांचा पलंग पाठवतात. दहा फुटांच्या खोलीत त्यानं उरतात चार फूट, त्यांतले पावणेदोन कपाट खातं. दार मोजायला मात्र कुणी येत नाही. पलंग दाराबाहेर ठेवून चौकट काढल्याचे प्रसंग मी दोनदा पाहिले आहेत.

इंदापूरकडच्या मंडळींना आणखी एक अनुभव आहे. १९८० साली उजनी धरण पुरं झालं, आणि भीमाकाठची गावठाणं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ धरणाचं पाणी खूप खाली गेलं की अजून वर दिसतं. नव्या गावठाणात जागा सरळ आखून मिळाल्या. तरीही तिथल्या आमच्या एका नातेवाइकांची खोली पुन्हा दोन खणांचीच झाली. कारण त्यांनी मोडत्या घराच्या तुळया आणि चौकटी बैलगाडीत घालून बरोबर आणल्या होत्या. जागा नवी, चौकोनी; तुळई जुनी, तेवढ्याच लांबीची. गाव बुडालं, पण त्याचं माप काही बुडालं नाही.

खांबाविषयी एक गोष्ट अजून सांगायची राहिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाहून आलेली माणसं गाढ झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची मणामणांची माती अंगावर येऊन हजारो माणसं झोपेतच गेली. आपला मुलूख तिथून दूर, पण माळवदाची जात तीच. त्या वेळी असं दिसून आलं की भिंतींच्या आत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा जिथं धड होता, तिथं भिंती ढासळूनही पुष्कळ ठिकाणी छत खांबांवर तरून राहिलं. म्हणून ज्यांना खांब अडचणीचा वाटतो त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय तो काढू नका. पलंग ऐसपैस लागावा म्हणून खांब कापणं म्हणजे निजताना डोक्यावर माती टांगून घेणं आहे. उशाला दगडी भिंत आणि तिच्या फळीवर पितळेची भांडी, हा प्रकारही टाळावा. बाज खांबांच्या मधल्या खणात, भिंतीपासून हातभर सोडून घालावी. जुनी माणसं माजघरात अशीच निजत. कारण त्यांना भूकंप ठाऊक होता असं नव्हे, भिंतीची ओल आणि विंचू ठाऊक होते.

बोळासारखी खोली असेल तर तिला आडवी पक्की भिंत घालू नये. घातली की मागचा भाग काळाकुट्ट होतो. छातीइतक्या उंचीचा आडोसा करावा, किंवा कपाट आडवं लावून त्याच्या पाठीला खुंट्या माराव्या. वरून उजेड आणि वारा जातो. निजायची जागा उजेडाच्या टोकाला किंवा साण्याच्या आसपास ठेवावी आणि अंधाराचं टोक सामानाला द्यावं. निमुळत्या कोपऱ्यात पलंगाचं डोकं खुपसू नये. तिथं तिकोनी फळ्या माराव्या. पुस्तकांना, औषधांना, कंदिलाला पुरतात.

शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना एक सुचवावंसं वाटतं. सातवीच्या मुलांना आपापलं घर मोजून आणायला सांगा, आधी खणात आणि मग फुटांत. शाळेच्या पटांगणात खडूनं ती खोली खऱ्या मापात आखा. पोत्याची किंवा पुठ्ठ्याची बाज, कपाट, पेटी कापून घ्या आणि मुलांनाच मांडू द्या. कोपरा गुण्यात आहे की नाही हे दोरीनं पाहता येतं: एका भिंतीवर कोपऱ्यापासून तीन हात, दुसरीवर चार हात, आणि त्या दोन खुणांमध्ये बरोबर पाच हात आले तर काटकोन. भूमितीचा तास होतो, इतिहासाचाही होतो. आणि मुलं घरी जाऊन आजीला विचारतात, ही भिंत कधी आली, कुणी घातली. या प्रश्नाची उत्तरं सोपी नसतात, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या मधल्या वाट्यात आता माझी आई एकटी राहते. एका बाजूच्या चुलत्यांनी आपला वाटा सोडून रानात बंगला बांधला, तेव्हा मधल्या भेंड्यांच्या भिंतीला त्यांच्याच संमतीनं आम्ही माथ्याला दीड फुटाची फट ठेवली. तिकडच्या खिडकीचा उजेड सकाळी नऊपर्यंत येतो. खांब सगळे जागच्या जागी आहेत. आईची बाज अजून साण्याखालीच असते. साण्यावर काच बसवली आहे. मोठा पाऊस आला की ती एका कडेनं गळते, आणि तेवढ्यापुरती आई बाज एक खण अलीकडे ओढते.